यादीतलं जग

सस्कॅचेवानमधली उणे चौतीसची सकाळ.
पिल्लू आमच्या बराकीत आलं
पहाऱ्यावरच्या बाईंच्या कोटात, नाक तेवढं बाहेर.
आठ आठवड्यांचं. लशीचा दुसरा डोस बाकी,
म्हणून अंगणसुद्धा बंद तिला.
ये बाई, व्हर्ना म्हणाली,
इथे सगळ्यांनाच बंद आहे.

नाव निकेल. पाच सेंटचं नाणं.
मोठी होऊन कुणा आंधळ्या माणसाला
रस्ता ओलांडून देणार होती ती.
त्याआधी, सोळाव्या आठवड्याच्या आत,
खेळता खेळता तिला जग दाखवायचं,
आणि ते काम आमच्याकडे.
आमच्याकडे!
जोलीन इतकी हसली की उचकी लागली तिला.

सोबत दोन पानांची यादी.
दाढीवाला माणूस. छत्री. बस.
खडखडणारी जमीन. लिफ्ट. रडणारं मूल.
प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.

दाढी सोपी होती. पोछ्याचे दोरे
जोलीनच्या कानांना अडकवले.
निकेलने ती दाढी ओढत पलंगाखाली नेली
आणि तिथून गुरगुरली, मालकिणीसारखी.
छत्री मागितली, नामंजूर झाली. तारा असतात तिला.
स्वयंपाकघरातले ट्रे आणून उलटे मांडले,
वर चढलीस तर शेंगदाण्याएवढं चीज.
पहिल्या दिवशी एकच पाय टेकवला, तोही मागे घेतला.
ओढू नका, मी म्हटलं, येऊ दे तिची ती.
मांडी घालून चौघी बसलो फरशीवर, छताकडे बघत,
जसं काही तिचं नि आमचं देणंघेणंच नाही.
चौथ्या दिवशी ती ट्रेच्या मधोमध गेली
आणि तिथेच हागली.
चौकोनात खूण.

दात सुईसारखे. चावली की खेळ बंद:
हात आखडायचा, तोंड फिरवायचं,
मनात दहा आकडे मोजायचे.
मग पुन्हा तोच दोरा, तीच ओढाताण,
काही घडलंच नव्हतं असं.
दहा आकडे.
एकदा मी अकरा मोजले
तर ऑरिसिया ओरडली माझ्यावर.

बससाठी धुण्याची ढकलगाडी.
ऑरिसिया आत बसून ब्रेक लावायची, हुश्श्श,
घंटी वाजवायची, दारं उघडायची,
सुट्टे द्या, सुट्टे द्या म्हणायची.
मागच्याच महिन्यात आलेली तामसिन
पलंगावरून म्हणाली,
आता बसचा फारसा आवाज होत नाही. विजेवर चालते.
पैसेही कुणी देत नाही, कार्ड टेकवतात.
गाडी थांबली.
ऑरिसिया आतच बसून राहिली, गुडघे छातीशी.
निकेल गाडीशी उड्या मारायला लागली तेव्हा म्हणाली,
बरं. मग बिनआवाजाची.
आणि आम्ही ढकलत राहिलो, तोंडं मिटून,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

रडणारं मूल मागे राहिलं.
येत सगळ्यांनाच होतं. पुढे कुणी होईना.
यादी टेबलावर, यादीवर पेन, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी व्हर्ना,
जिला कशाचीही थट्टा सुचते,
भिंतीकडे तोंड करून बसली आणि सुरू झाली.
आधी बारीक, मग घसा फुटेपर्यंत.
तीनेक महिन्यांचं असावं.
भुकेचं रडं, पोटदुखीचं नव्हे. आम्हाला लगेच कळलं.
निकेलचे कान उभे, मान तिरकी.
मग ती गेली, मांडीवर चढली,
व्हर्नाची हनुवटी चाटत राहिली.
यादीत लिहिलं होतं, न घाबरल्यास लगेच बक्षीस द्यावं.
चीज माझ्या मुठीत होतं. मऊ होऊन बोटांना चिकटलं.
मूल थांबेना.
मोजणीची घंटा झाली तेव्हा थांबलं.

खूण कुणी केली ठाऊक नाही. सकाळी होती.

लिफ्टचा चौकोन अजून तसाच.
रात्री निकेल माझ्या बुटावर झोपते,
झोपेत चारही पाय चालवते.
कशावरून धावते कोण जाणे.
आम्ही दिलेत ट्रे, गोधडी, फरशी.
पायांचा आवाज मात्र येत नाही.